हा केशरी कोरल नक्की कोणता? दोन आठवडे झाले उघडतच नाहीये

खारट_पाणी
नमस्कार मंडळी, मित्राने टँक मोडला तेव्हा त्याच्याकडून दोन लाइव्ह रॉक (जिवंत जीव वसलेले समुद्री दगड) आणले, त्यातल्या एकाला खालच्या बाजूने हे चिकटलेलं निघालं. त्याला विचारलं तर म्हणे मला तर स्पंज वाटला होता. लिंबाएवढा गोळा आहे, रंग पक्का केशरी, वर शर्टाच्या बटणाएवढे बारा-तेरा फुगवटे आणि प्रत्येकाच्या मधोमध एक चीर. मी रॉक उलटा करून बरोबर लाइटखाली ठेवला, म्हटलं बिचाऱ्याला जरा उजेड मिळेल. पण एकदाही उघडलं नाही, उलट एका कडेचं मांस आक्रसून खालचं पांढरं दिसायला लागलंय आणि त्यावर शेवाळ पण धरलंय. तापमान 25, सॅलिनिटी 1.025, अल्कलिनिटी 8.5, कॅल्शियम 420, नायट्रेट 5. बाकीचे कोरल एकदम मजेत. मेलंय का हे? मेलं असेल तर रॉक उकळून परत वापरायचा विचार आहे.

निळा_टँग
झोआ (बटणासारखे मऊ, कोरलसारखे जीव) वाटतायत बंद झालेले. माझे पण जागा बदलली की आठवडाभर रुसून बसतात. थांब थोडा.

भरती_ओहोटी
आधी एक, उकळू नकोस!! खरंच झोआ किंवा त्यांचे भाऊबंद पॅलिथोआ निघाले तर त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं आणि रॉक उकळला की ते वाफेबरोबर नाकात जातं, अशाने अख्खं घर हॉस्पिटलात गेल्याच्या घटना झालेल्या आहेत. गरम पाणी नको, ब्रशने घासणं नको, आणि काय आहे ते कळेपर्यंत हातमोज्याशिवाय हात लावू नको.

पण मला हे झोआ वाटत नाहीत. जिथे पांढरं दिसतंय तिथे प्लास्टिकच्या चिमट्याने हलकेच टोचून बघ. दगडासारखं टणक लागलं तर तो स्टोनी कोरल (टणक सांगाड्याचा), कारण झोआला हाड नसतंच, आतपर्यंत चामड्यासारखं मऊ असतं. आणि फोटो काढलास तर निळे लाइट बंद करून काढ, निळ्यात सगळंच केशरी चमकतं आणि मग ओळखणारा नुसता अंदाज मारत बसतो.

खारट_पाणी
टोचलं. टणक आहे, टक् असं जाणवतं. आणि त्या उघड्या भागात गोल वाटीसारखा खळगा आहे, आत चाकाच्या आऱ्यांसारखे पातळ पडदे.

रात्रपाळी
मग सन कोरलच, ट्यूबास्ट्रिया. डेंड्रोफिलिया पण जवळजवळ असाच दिसतो, नक्की कोणता ते त्या पडद्यांच्या मांडणीवरून ठरवतात, पण दोघांची देखभाल एकच त्यामुळे डोकं खाजवू नकोस. रॉकच्या खालच्या बाजूला उलटा लटकलेला होता हीच मोठी खूण. याच्या अंगात बाकीच्या कोरलसारखं प्रकाशावर अन्न करणारं शेवाळ नसतं, त्यामुळे लाइटखाली ठेवून त्याला काडीचा फायदा नाही. म्हणजे लाइटने मरत नाही हं, पण जिथलं मांस गेलंय तिथे उजेडात शेवाळ चढतं आणि ते शेजारच्या जिवंत मांसाला मागे रेटत जातं, तुझ्याकडे तेच चाललंय. दोन आठवडे उपाशी आहे तो, दुसरं काही नाही.

पुन्हा सावलीत ठेव, पाण्याचा फ्लो चांगला असू दे. रात्री लाइट गेल्यावर मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव, गोठवलेले मिळतात) वितळवून फक्त त्याचं पाणी वरून सोड आणि पंधरा-वीस मिनिटं नुसतं बस. वास लागला की चिरा सुटतात आणि पिवळी टोकं बाहेर येतात. मगच पंप बंद करून ड्रॉपरने एकेका तोंडाला मायसिस दे. एकेकाला, कारण एकाला दिलं की शेजाऱ्याला थोडंफार जातं पण त्याच्या भरवशावर राहिलास तर कडेचे वाळतात. आठवड्यातून दोन-तीनदा तरी. कंटाळा येणार असेल तर आत्ताच कोणाला तरी देऊन टाक, हा दूध पिणारं पोर सांभाळण्यातला प्रकार आहे, मी उगाच नाही नाव रात्रपाळी घेतलं.

भरती_ओहोटी
सहमत. भरीला एक, फुगवट्यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारून पिवळे छोटे शंख किंवा पिवळ्या अंड्यांचे पुंजके आहेत का बघ. वेंटलट्रॅप नावाच्या गोगलगायींपैकी एक पिवळी जात याच कोरलवर जगते, रंगाने इतकी मिसळते की समोर असून दिसत नाही. चिमट्याने काढायची आणि अंडी पण खरवडायची. आणि खाऊ घालायला लागलास की नायट्रेट-फॉस्फेट वर जाणार, पाणी बदलणं वाढव.

निळा_टँग
बरं, झोआ नाहीत. शब्द मागे 🙂

खारट_पाणी
अपडेट. शंख एकच मिळाला, तांदळाएवढा, अंडी नाहीत. पहिल्या दोन रात्री काहीच नाही, काल तिसऱ्या रात्री अकरा वाजता चार तोंडं उघडली. बायकोला उठवून आणलं बघायला. मायसिसचा तुकडा टेकवला की टोकं हळूच मिटतात आणि तो आत घेऊन जातात, लहान मूल मुठीत बोट धरतं तसं. पण वैताग असा की माझा क्लीनर श्रिंप (टँकमधली कोळंबी) येऊन तोंडात हात घालून तुकडा ओढून नेतो, दोनदा नेला. त्याचं काय करू?

रात्रपाळी
ते सगळ्यांकडे होतं. बाटलीचा वरचा अर्धा भाग कापून घुमटासारखा त्याच्यावर ठेव आणि बुचाच्या भोकातून खायला घाल, पंप बंदच ठेव आणि अर्ध्या तासाने घुमट काढ. आणि श्रिंपला आधी दुसऱ्या कोपऱ्यात काहीतरी टाक, तो तिकडे गुंततो. उघडी पडलेली कड भरून यायला महिने लागतील, तिचा रोज फोटो टाकू नकोस, महिन्याने टाक.