शंका असताना संडे स्कूल शिकवावी का?

मिरजकर_बारका: घरात तीन पिढ्या ख्रिस्ती. आजोबा वॉनलेस साहेबांनी १८९४ साली काढलेल्या मिशन हॉस्पिटलात कंपाउंडर होते, त्यामुळे प्रार्थना आणि औषध दोन्ही आमच्याकडे एकाच ताटात. आई आजारी पडली तेव्हा उपास झाले, साखळी प्रार्थना झाली. ती गेली. मातीच्या दिवशी मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, एका वडीलधाऱ्यांनी कानाशी येऊन सांगितलं, "कुणाचा तरी विश्वास कमी पडला." तेव्हापासून प्रार्थनेला बसलो की पलीकडे कुणी ऐकतंय असं वाटतच नाही. उपासनेत विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणताना येशू "तिसऱ्या दिवशी" मेलेल्यांतून उठला हे आलं की नुसते ओठ हलतात.

तरी दर रविवारी जातो, लहान मुलांचा वर्गही घेतो. माझं मत: शंका आली म्हणून वर्ग सोडू नये. तुम्हाला काय वाटतं?

वाईच्या_मावशी: आई गेल्याचं वाईट वाटलं रे. त्या गृहस्थांनी जे म्हटलं ते शास्त्राला धरून नाही, ते आधी डोक्यातून काढ. बायबलातल्या ईयोबावर दुःखं कोसळली तेव्हा त्याच्या मित्रांनीही त्याला असलंच शहाणपण शिकवलं होतं आणि शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर.

पण वर्गाचं म्हणशील तर मी तुझ्या विरुद्ध आहे. संशय धरणारा वाऱ्याने हेलकावणाऱ्या समुद्राच्या लाटेसारखा, असं याकोबाच्या पत्रात पहिल्याच अध्यायात आहे. शिकवणाऱ्याचा न्याय अधिक कडक होईल, हेही त्याच पत्रात. तू मागच्या बाकावर बस, रड, भांड देवाशी. पोरांच्या पुढ्यात उभा राहू नकोस.

कृष्णाकाठचा: मावशी, मत्तयाच्या शुभवर्तमानातलं २८:१७ काढा. पुनरुत्थानानंतर गालीलातल्या डोंगरावर अकरा शिष्य जमलेत, येशू समोर उभा आहे, आणि तरी "कित्येकांना संशय वाटला" असं लिहिलंय. पुढच्याच ओळींत "जा, शिष्य करा" ही आज्ञा. ज्यांना संशय आहे त्यांनी जरा बाजूला व्हा, असं तो म्हणाला नाही. सरसकट सगळ्यांना पाठवलं. यहूदाच्या पत्रात तर संशयात पडलेल्यांवर दया करा असं स्पष्ट आहे.

वाईच्या_मावशी: दया करा म्हटलंय, वर्ग द्या नाही म्हटलं.

सातारी_कंदी: मी सहा पिढ्यांचं चर्च सोडलेला माणूस, म्हणून कडवट वाटलं तर चालवून घ्या. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं, तेव्हा माझ्या मामाच्या घरात छातीभर पाणी होतं. नंतर गाळातून उपासना संगीताचं, म्हणजे चर्चमधल्या गीतांचं, पुस्तक निघालं, पानं फुगून वीट झालेली. मामी ते उन्हात ठेवून स्तुती करत होती. जिवंत राहिलो म्हणून आभार मानायचे, तर जे बुडाले त्यांच्या घरच्यांनी काय मानायचं? याचं उत्तर मला कुणी दिलं नाही. बारका, तू देवाला धरून नाहीस. नातीगोती, नाताळचा फराळ आणि पुढे लग्न जमवायला लागणारं पाळकांचं (चर्चच्या धर्मगुरूंचं) पत्र, हे धरून आहेस. प्रामाणिकपणे बाहेर ये.

मिरजकर_बारका: नातीगोती आहेतच, नाकारत नाही. पण तुझा प्रश्न बायबलातल्या ८८व्या स्तोत्रातही आहे. ते स्तोत्र अंधारातच संपतं, दिलासा नाही की आभार नाहीत, आणि तरी देवालाच उद्देशून आहे. पुस्तकातून कुणी ते फाडून टाकलं नाही. ज्या घरात असलं बोलायला जागा आहे तिथून मी का निघू?

कृष्णाकाठचा: कंदी, तुमच्याच साताऱ्यात ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक यांनी १९१७ साली मिशन सोडून "देवाचा दरबार" मांडला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, दोघांनाही जागा. आत किंवा बाहेर, एवढे दोनच रस्ते नसतात.

सातारी_कंदी: गल्लत करताय. टिळकांची नाराजी मिशनच्या कारभारावर होती, ख्रिस्तावर नव्हती. तो माणूस भक्तीत आकंठ बुडालेला. बारकाचं दुखणं उलटं आहे, मंडळी हवी आहे आणि ख्रिस्ताचीच खात्री नाही.

कृष्णाकाठचा: हे मान्य. उदाहरण चुकलं.

वाईच्या_मावशी: कंदीशी सहमत व्हायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं! बारका, एक सरळ विचारते. वर्गातल्या पोराने विचारलं, "सर, तुमच्या आईसाठी प्रार्थना केली होती ना?" तर काय सांगशील?

मिरजकर_बारका: विचारलंय एकीने. "केली होती, आणि ती का गेली ते मला कळत नाही" म्हणालो. मग येशूने मेलेल्यांतून उठवलेल्या लाजराची गोष्ट सांगितली, पण उठवण्यापाशी न जाता येशू रडला तिथे थांबलो. पुढचं माझ्याच्याने सांगवेना.

वाईच्या_मावशी: पाहिलंस? अर्धीच गोष्ट गेली पोरांपर्यंत. पुढची अर्धी सांगणारं कुणीतरी वर्गात पाहिजे. पाळकसाहेबांना सगळं खरं सांग, जोडीला दुसरी शिक्षिका माग, आणि मग घे वर्ग. एकट्याने घेणार असशील तर माझा विरोध कायम.

मिरजकर_बारका: जोडीला कुणी आलं तर मला चालेल. पाळकसाहेबांना सांगणंच जड जातंय, आईच्या मातीला प्रार्थना त्यांनीच केली होती.