मदत हवी आहे: दादा बरा झालाय की हायपोमेनिया सुरू झालाय?

आम्ही कोल्हापूरचे. थोरल्या भावाला बायपोलर टू आहे, म्हणजे कधी डिप्रेशन तर कधी मूड नको इतका चढतो (तोच हायपोमेनिया). गोळ्या चालू आहेत. पावसाळाभर डिप्रेशनमध्ये होता, उद्यमनगरातला कारखाना वहिनीनंच ओढला. आता एकदम उलटं. रात्री दोनला झोपतो, चारला उठून रंकाळ्याला फेरी मारून येतो आणि दिवसभर टवटवीत. परवा दुसऱ्या लेथ मशीनला विसार देऊन आला, वहिनीला पत्ताच नाही. हिशेब विचारला की खेकसतो. आई मात्र खूश, 'पोरगं माणसात आलं' म्हणून.

डॉक्टरांनी मागं सांगितलं होतं, सलग किमान चार दिवस मूड चढलेला किंवा चिडका, अंगात जादा जोर, सोबत कमी झोप, बडबड, उधळपट्टी असलं काही दिसलं तर हायपोमेनिया समजायचा. मेनिया म्हणजे त्याच्याही वरची पायरी, त्यात कामधंदा कोलमडतो, भ्रम होऊ शकतात, ॲडमिट करायची वेळ येते. इथं तसं काहीच नाही, गिऱ्हाइकं तर उलट खूश आहेत! त्यात दादा मुळातच तालमीच्या कट्ट्यावर तासन्तास गप्पा ठोकणारा. बडबड वाढली हे ठरवायचं कशावरून? विषय काढला की म्हणतो, 'माझं बरं झालेलं बघवत नाही तुम्हाला.'

ज्यांच्या घरी हे आहे त्यांनी सांगा, तुम्ही कसं ओळखता? आणि त्याला डॉक्टरांकडं न्यायचं कसं? पुढची तारीख लांब आहे.

प्रतिसाद:
ताई, आमच्या ह्यांनाही हेच आहे. बडबड सोडा, झोप बघा. काळजीनं झोप उडालेला माणूस दुसऱ्या दिवशी पेंगतो, दोन तासांत ताजातवाना होत नाही. मी कॅलेंडरवरच झोपेच्या वेळा लिहिते, डॉक्टर आधी तेच बघतात. ह्यांनी बरे असताना स्वतःच सांगून ठेवलंय, झोप कमी झाली की माझं न ऐकता डॉक्टरांना फोन कर. तुमच्याकडं तसं ठरलेलं नसेल तर 'तू बिघडलायस' म्हणू नका, 'झोप होईना, तेवढं विचारून येऊ' म्हणा. डिप्रेशनची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, तिच्यानंही मूड वर जाऊ शकतो. आपल्या मनानं मात्र बंद करू नका. तारखेची वाट बघू नका. अडलं तर टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, १४४१६, मोफत आहे, मराठीत बोलतात. आणि विसाराचं वहिनींनी आजच बघावं.

धागाकर्ती:
डिप्रेशनची गोळी पावसाळ्यात वाढवली होती खरी. दवाखाना उघडला की फोन लावते. मशीनवाला वहिनीच्या ओळखीतला निघाला, तो थांबतो म्हणालाय.