लसींच्या अफवा: मजकूर काढावा की त्याचा वेग रोखावा?

तापीकाठ (शिरपूर):
१ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाड्यात व्हॉट्सॲपवर फिरलेल्या अफवेवरून मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा भारतात आणली. नोव्हेंबरअखेर गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली, तेव्हा आमच्या पालकांच्या गटात ‘या लसीने पुढे मूल होत नाही’ हा मजकूर तरीही फिरलाच. म्हणून नुसता वेग कमी करणे पुरेसे नाही. यूट्यूबने सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केले तसे लसींविषयीचे खोटे दावे थेट काढूनच टाकावेत, असे माझे मत आहे.

केळीवाला (रावेर):
भाऊ, खोटे ठरवणार कोण? करोनाचा विषाणू मानवनिर्मित असल्याचा दावा फेसबुकने फेब्रुवारी २०२१ मध्ये काढायला घेतला आणि मे महिन्यात ती बंदी स्वतःच उठवली. अशा एका माघारीनंतर आमच्या पारावर कंपनीच्या खऱ्या इशाऱ्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

तापीकाठ:
विषाणूचा उगम हा वादाचा प्रश्न होता, वंध्यत्वाची अफवा तशी नाही. गोवर, गालगुंड व रुबेलावरच्या एमएमआर लसीचा संबंध ऑटिझमशी जोडणारा, अवघ्या बारा मुलांवरचा १९९८ मधील लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, तरी तो दावा आजही फिरतो आहे. अजून किती थांबायचे?

सातपुडा (धडगाव):
दादा, व्हॉट्सॲपचे संदेश २०१६ पासून कंपनीलाही वाचता येत नाहीत, त्यामुळे तिथे काढणार काय? आमच्या पाड्यांवर मजकूर पावरी बोलीतल्या आवाजी क्लिपमधून येतो आणि रेंज नसली तरी बाजाराच्या दिवशी तोंडोतोंडी पोहोचतो. मी लसीकरणाच्या कामात आहे. अफवेचे मूळ बहुधा पेंटाव्हॅलेंट या पाच रोगांवरच्या लसीनंतर बाळाला येणाऱ्या तापात असते. ताप एक-दोन दिवस येऊ शकतो आणि का येतो, हे सुई टोचण्याआधीच आईला तिच्या बोलीत सांगितले, तर रात्री आलेली क्लिप तिला घाबरवत नाही; सांगितले नाही, तर पुढच्या डोसाला ती घराला कुलूप लावून शेतात निघून जाते.

केळीवाला:
ताईंचे पटले. कुलूप काही कंपनीच्या धोरणाने उघडणार नाही.

तापीकाठ:
ताई, मान्य, पण यूट्यूबवरचा व्हिडिओ तर सर्वांना उघड दिसतो. तो काढायला कोणती अडचण आहे, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.