काकांचा चट्टा आणि शिमग्याची पालखी

हर्णैकरीण: आमचे काका खलाशी. पाठीवर फिकट चट्टा होता, उजव्या हाताची बोटंही बधिर. चुलीवरचा टोप उचलताना भाजलं, फोड आला तेव्हा कळलं! सरकारी दवाखान्यात कुष्ठरोग निघाला, गोळ्या सुरू झाल्या. आता तांडेल बोटीवर घेत नाही. वाडीत कुजबुज, की यंदा पालखी आमच्या अंगणात नाचवायची नाही. काकी पेला वेगळा ठेवते. त्यात लघवी लाल झाली म्हणून काका गोळ्याच सोडायला निघालेत. काय करू?

आशाताई, दापोली: गोळ्या अजिबात सोडू देऊ नकोस गो! लाल रंग रिफाम्पिसिनचा, एक-दोन दिवसांत जातो. क्लोफॅझिमिनने कातडी काळवंडते, तीही औषध संपल्यावर हळूहळू उजळते. प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने, सगळं फुकट. औषध सुरू झालं की लवकरच लागण थांबते, मग पेला वेगळा कशाला? घरातल्या सगळ्यांची तपासणी मात्र करून घ्या. आणि बधिर हाताने दोर ओढायचा तर हातमोजे हवेतच.

खारवी६४: मी १२ महिने खाल्ल्यात. आज जाळी विणतो. आमच्याकडेही ‘पाप फेडतोय’ म्हणणारे होते, त्यातले दोघे माझ्याकडूनच जाळी नेतात. तू थेट मानकऱ्यांना गाठ, कुजबुजणाऱ्यांशी वाद घालू नको.

जावईबापू: २०१९च्या कायद्याने कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारणही राहिलेलं नाही. पालखी कसली अडवतायत!

हर्णैकरीण: गावकीच्या बैठकीला डॉक्टरांना नेते. तांडेलाचं काय ते नंतर बघू.