अंगणात गल (गोट्या टाकायचा खळगा) टिकत नाही. गोट्या आणि काजूंच्या खेळाचे नियमही हवेत

पडवीवाला: मे महिन्यात वाडीतल्या पोरांना गल आणि रिंगण हे गोट्यांचे खेळ शिकवायचेत. अंगण जांभ्याच्या मातीचं. गल खणली की दोन डावांत कड ढासळते आणि गोटी बाजूने वळून जाते. माप, अंतर, राज्याचे नियम सांगा. काजूंचा खेळही घ्यायचाय.

खळेकर: कोरड्या मातीत खणूच नका. आदल्या संध्याकाळी पाणी मारून जागा चोपा. सकाळी ओल असतानाच टाच रोवून गर्रकन फिरवा, वाटीसारखी गल होते. तीन बोटं रुंद, दोन पेरं खोल पुरे. आतून शेणकाला फिरवून वाळू द्या. गोटी वळते ती बहुतेक वेळा कडेला साचलेल्या मातीच्या उंचवट्याने, तेव्हा ती झाडून टाका. लहान मुलांना रेघ सहा पावलांवर ठेवा. अंगणाला पाण्यासाठी उतार असतोच. रेघ खालच्या अंगाला आखून गोटी चढावर टाकायला लावा, नाहीतर चुकलेली प्रत्येक गोटी गडग्यापर्यंत (दगडी कुंपणापर्यंत) जाते.

टिचकी: आधी सगळ्यांनी रेघेवरून गलीकडे गोटी टाकायची. गलीत गेली किंवा सर्वांत जवळ राहिली त्याचा पहिला डाव. डाव्या हाताचा अंगठा जमिनीवर टेकवायचा, गोटी मधल्या बोटाच्या टोकाशी धरून ते बोट उजव्या हाताने मागे ताणायचं आणि सोडायचं. अंगठा उचलला की डाव गेला. गल आणि टिपलेली गोटी, दोन्हींचा एकेक गुण. चुकेपर्यंत डाव त्याचाच. मोजणी 'एकलम खाजा, दुब्बी राजा' अशी, पुढचे शब्द गावागणिक बदलतात. दहा आधी पुरे करणारे सुटतात. शेवटी उरतो त्याच्यावर राज्य: बाकीचे त्याची गोटी टिपून लांब नेतात आणि त्याने ती कोपराने ढकलत गलीत आणायची. खडी असेल तर कोपर सोलवटतं, तिथे मुठीने ढकलू द्या.

रिंगण सोपं. हातभर रुंद वर्तुळ, प्रत्येकाच्या दोन गोट्या आत. बाहेर काढाल ती तुमची. मारायची गोटी आतच अडकली तर ती रिंगणात जमा. एका फटक्यात दोन निघाल्या तर काय, हे आधीच ठरवा. भांडणं तिथेच होतात.

काजूवाडी: काजू बोंडातून काढल्याबरोबर खेळायला देऊ नका, दोन-तीन दिवस उन्हात वाळवा. तरीही जोरात आपटून बी फुटली तर टरफलातल्या तेलाने हात भाजतो, चट्टे उठतात. बिया रेघेवर चार बोटांच्या अंतराने उभ्या ठेवा, बुंध्याशी चिमूटभर माती लावा म्हणजे वाऱ्याने पडत नाहीत. काजू वाकडा, सरळ घरंगळत नाही. म्हणून नेम चपट्या खापरीने धरायचा. रेघेबाहेर उडवाल तेवढ्या बिया तुमच्या.

पडवीवाला: खापरी कौलाची चालेल?

काजूवाडी: चालेल, पण कडा दगडावर घासून गोल करा. धारदार कड बी फोडते.