चार दोऱ्यांचे ओव्हरलॉक: होजिअरी कापडाची कड लाटेसारखी का होते?

प्रश्न : सुईदोरा
मी बरीच वर्षे साध्या शिलाई मशीनवर शिवत आले आहे आणि दोन महिन्यांपूर्वी चार दोऱ्यांचे ओव्हरलॉक मशीन (कापडाची कड कापत कापत दोऱ्यांनी गुंफणारे) घेतले. सुती कापडाच्या कडा त्यावर स्वच्छ येतात. परंतु होजिअरीचा टी-शर्ट शिवायला घेतला की गळ्याची आणि घेराची कड लाटेसारखी होते व इस्त्री फिरवूनही सपाट बसत नाही. दुसरी अडचण अशी की खालच्या लूपरचा (कडेवर दोरा गुंफणाऱ्या हुकाचा) दोरा तुटल्यावर मी तेवढाच पुन्हा ओवते आणि तो चार-पाच टाक्यांत पुन्हा तुटतो. टेन्शनची, म्हणजे दोऱ्याच्या ताणाची, चारही बटणे फिरवून पाहिली, पण फरक पडला नाही आणि आता मूळ आकडेही आठवत नाहीत. शिवाय चौकोनी कापडाचा कोपरा वळवताना टाके एकमेकांत गुंततात. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : कापडचोपड
लाटेचा संबंध टेन्शनशी क्वचितच असतो. ओव्हरलॉकमध्ये कापड पुढे सरकवणाऱ्या दातांच्या दोन पट्ट्या असतात, एक पुढे आणि एक मागे, आणि डिफरेन्शियल फीडचे बटण या दोघींच्या चालीतले प्रमाण ठरवते. आकडा १ असेल तर दोन्ही सारख्याच सरकतात. २ असेल तर पुढची पट्टी मागचीपेक्षा दुप्पट कापड आत ढकलते. होजिअरीचे कापड, ते दाबून धरणाऱ्या दाबपट्टीखाली ताणले जाते आणि त्या ताणलेल्या अवस्थेतच त्यावर टाका बसतो, म्हणून कड लांबते. पुढच्या पट्टीने जास्त कापड पुरवले की हा ताण भरून निघतो.

किती वाढवायचे हे अंदाजाने ठरवू नका. त्याच कापडाची, ताणाच्या दिशेने कापलेली एक पट्टी घ्या, तिच्यावर १० सेंटिमीटर अंतराने दोन खुणा करा, शिवा आणि पुन्हा मोजा. साडेदहा भरले तर आकडा वाढवा. साडेनऊ भरले तर कमी करा. १.३ पासून सुरुवात करून बहुतेक टी-शर्टांची कापडे १.५ च्या आसपास स्थिरावतात, असा माझा अनुभव आहे. टाक्याची लांबीही पाहा, कारण टाके फार जवळजवळ असले तर कडेत दोराच इतका भरला जातो की ती पसरते. आणि मागून कापड ओढायची सवय असेल तर ती सोडा. साध्या मशीनवरून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या हाताला ती असते.

उत्तर : जुनी शिवण
दोरा तुटण्याचे कारण ओवण्याच्या क्रमात आहे. आधी वरचा लूपर, मग खालचा लूपर आणि सर्वांत शेवटी सुया, हा क्रम बहुतेक मशीनना लागू पडतो. तरीही आपल्या मशीनच्या पुस्तिकेतील क्रम एकदा पडताळून पाहा. सुया ओवलेल्या असताना खालचा लूपर ओवला, तर त्याचा दोरा सुयांच्या दोऱ्यांत अडकतो आणि काही टाक्यांतच तुटतो. म्हणून खालचा लूपर पुन्हा ओवायचा झाला की आधी दोन्ही सुयांतले दोरे काढा, लूपर ओवा आणि मग सुया ओवा. ओवताना दाबपट्टी वर उचललेली असावी, म्हणजे टेन्शनच्या चकत्या उघड्या राहतात आणि दोरा त्यांच्यामध्ये नीट बसतो. तो नीट बसला नसेल तर बटण कितीही फिरवले तरी काहीही बदलणार नाही, आणि तुमच्या बाबतीत तेच झाले असावे असे मला वाटते.

आता चारही बटणे मधल्या आकड्यावर आणा आणि चार वेगवेगळ्या रंगांचे दोरे लावून तुकड्यावर शिवा. दोन्ही लूपरचे दोरे अगदी कापडाच्या कडेवर एकमेकांना भेटले पाहिजेत. वरच्या लूपरचा रंग खालच्या बाजूला वळलेला दिसला तर वरचा सैल आहे किंवा खालचा घट्ट. शिवण दोन्ही बाजूंनी ओढल्यावर मध्ये दोरे शिडीच्या पायऱ्यांसारखे दिसले तर सुईचे टेन्शन वाढवावे लागेल. एका वेळी एकच बटण, तेही अर्धा आकडा. हे चार रंगांचे तुकडे, त्यांवर आकडे लिहून, मी अनेक वर्षे जपून ठेवले आहेत. नवे कापड आले की आधी तेच काढून पाहते.

टाचण्यांबाबत मात्र कळकळीने सांगते: त्या कडेपासून दूर, शिवणीला समांतर लावा. कड कापणाऱ्या पात्याखाली टाचणी आली तर पाते बोथट होते आणि तुटलेला तुकडा डोळ्यात उडू शकतो.

उत्तर : कापडचोपड
कोपऱ्याचे राहिले. पहिली बाजू संपल्यावर कापडाच्या पुढे फक्त एक टाका जाऊ द्या, मग सुया आणि दाबपट्टी वर घ्या. सुईच्या थोडे वर दोरा बोटाने किंचित सैल करा आणि ज्या बारीक लोखंडी जिभेवर टाके तयार होतात, तिच्यावरून कापड हलकेच मागे सरकवून सोडवा. हे न करता कापड फिरवले की टाके जिभेवरच गुंततात. दुसऱ्या बाजूच्या पहिल्या चार-पाच सेंटिमीटरांवरचे शिवणीचे मार्जिन आधीच कात्रीने कापून ठेवले, तर वळल्यावर कड थेट पात्याला लागून बसते.

सुईदोरा
दोघांचेही मनापासून आभार. १.५ वर पट्टी बरोबर १० सेंटिमीटरच राहिली आणि सुयांतले दोरे काढून लूपर ओवल्यापासून दोरा एकदाही तुटलेला नाही. कोपरा तिसऱ्या प्रयत्नात जमला. आता फक्त खांद्याची शिवण घालून घालून लांबेल का, एवढीच शंका आहे.

जुनी शिवण
लांबेल, कारण बाहीचे सारे वजन तिथेच येते. खांद्याच्या मापाची पारदर्शक इलॅस्टिकची पट्टी न ताणता शिवणीत धरा. सुया तिच्यावरून जाव्यात आणि पाते तिला लागू नये.