ड्रायर रात्री लावून झोपावं का?

(घोडबंदर रोड, ठाणे. सोसायटीचा ग्रुप)

बी-९०३: पाऊस उघडायचं नाव घेत नाही, बाळाची दुपटी वाळेनात, म्हणून ड्रायर घेतला. रात्री टायमर लावून झोपलं तर चालेल ना?

सेक्रेटरी: ड्राय बाल्कनीत ड्रायर नकोच. कमिटीत विषय घेतो.

सी-१२०१: साहेब, मग गिझर पण बंद करा 😄

ए-४०२: ताई, झोपताना नको, बाहेर जातानाही नको. ऑगस्ट २०१६ मध्ये लंडनला १८ मजली इमारतीत सातव्या मजल्यावर ड्रायर पेटला होता. त्या मॉडेलमध्ये कपड्यांचा सुटलेला भुगा हीटरपर्यंत पोचायचा. कंपनी म्हणत होती, घरात कोणी असेल तर वापरा. पुढच्या वर्षी सांगितलं, प्लगच काढा!

बी-९०३: बापरे. भुगा म्हणजे त्या जाळीतला कापूस?

ए-४०२: तोच. काडी लावून बघा कसा भुर्रकन जातो (बघू नका, समजून घ्या). दर वेळी जाळी साफ. आणि मालीशचे टॉवेल त्यात टाकता का?

बी-९०३: हो, धुऊन. तिळाचं तेल असतं.

ए-४०२: ते टाकू नका. धुतलं तरी तेल पूर्ण निघत नाही. गरम टॉवेलचा ढीग करून ठेवला की तेलाची हवेशी क्रिया होऊन आतल्या आत उष्णता वाढते, मशीन बंद झाल्यावर काही तासांनीही पेट घेऊ शकतो. खोबरेलाचा धोका त्या मानाने कमी, जवसाचा सगळ्यात जास्त. शेवटी गार हवेचा फेरा असतो तो याचसाठी, मध्येच मशीन बंद करू नका.

सी-१२०१: माझं वॉशर-ड्रायर एकत्र आहे, जाळी दिसतच नाही.

ए-४०२: बऱ्याच कॉम्बोत वेगळी जाळी नसते, भुगा पाण्याबरोबर जातो. खालचा ड्रेन फिल्टर साफ ठेवा. आणि धुता तितके कपडे वाळवायला ठेवू नका, वाळवायची क्षमता कमी असते. मॅन्युअलमध्ये किलो लिहिलेले असतात.

सेक्रेटरी: प्लगचं काय? काहींनी एक्स्टेंशन बोर्ड लावलेत, मी पाहिलंय.

ए-४०२: ते आधी काढा. थेट १६ अँपियरचा पॉइंट, अर्थिंगसह. जळका वास किंवा धूर आला तर मशीनचं दार उघडू नका, आत हवा जाते. जमलं तर मेन बंद करा, बाहेर पडा, १०१ लावा.

सेक्रेटरी: बरं, बंदी नको. पॉइंट तपासायला रविवारी वायरमन बोलावतो, ज्यांना हवंय त्यांनी फ्लॅट नंबर टाका.

बी-९०३: बी-९०३. आणि ड्रायर आता दुपारीच लावते, सासूबाई घरात असतात.